बिनजोड घंगाळ

एका जंगलात, मुलांनो, वाघ राज्य करत होता आणि गवा कामं करत होता. म्हणजे कामं मंजूर करत होता. प्रत्यक्ष कामं करायला एक अस्वल होतं.

अस्वलाचं नाव म्हादबा. म्हादबा तांबट होता. तांब्याचे पत्रे ठोकायचा, वाकवायचा, त्यांची भांडी घडवायचा.

त्या जंगलातला ओढा दर उन्हाळ्यात आटायचा. मग सगळे प्राणी म्हादबाने केलेल्या मोठ्या घंगाळातलं पाणी प्यायचे. ओढा आटायच्या आत मथुराबाई नावाची हत्तीण सोंडेने ते घंगाळ भरून ठेवायची. घंगाळ तीन हात खोल होतं. एवढा मोठा अखंड पत्रा म्हादबाकडे कुठला असणार? त्याने चौदा तुकडे रिबिटा, म्हणजे तांब्याच्या मेखा, मारून एकमेकांना जोडले होते. एका जोडातून थेंब थेंब पाणी गळायचं. तिथे बेडूक बसायचे. कोणाची काही तक्रार नव्हती.

एकदा वाघमहाराज पाणी प्यायला वाकले. पाण्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं, आणि तोंडाच्या मधोमध, नाकापासून कानापर्यंत, तळाचा एक जोड दिसला.

महाराज मागे सरले. त्यांनी गव्याला हाक मारली. गव्याचं नाव बळवंतराव.

"बळवंतराव, दरबारात आमची ललकारी काय देतात?"

"बिनजोड महाराज की जय."

"मग हे काय आहे?"

बळवंतरावांनी वाकून पाहिलं. "जोड आहे, महाराज."

त्याच संध्याकाळी महाराजांनी भाषण केलं. म्हणाले, यापुढे या जंगलात जोड दिसणार नाही. एका अखंड पत्र्यातून नवं घंगाळ होईल. तीन नव्हे, नऊ हात खोल होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बळवंतराव म्हादबाच्या कारखान्यात आले.

"नऊ हात का, साहेब?" म्हादबाने विचारलं.

"भाषणाच्या ओघात नऊ आलं. आता ते नऊच."

"पण पत्रा एवढा ताणत नाही."

"तुम्ही विचारलंत त्याला?"

"चाळीस वर्षं विचारतोय. तो सांगतो. फाटायच्या आधी गुणगुणतो."

"गुणगुणतो ते लेखी आहे का?" बळवंतराव म्हणाले.

म्हादबाला लिहिता येत नव्हतं. त्यामुळे विषय तिथेच संपला.

जंगलात तेवढं तांबं एकाच ठिकाणी होतं, जुन्या घंगाळात. म्हणून ते मोडून वितळवलं. पाऊस संपल्यापासून थंडी सरेपर्यंत म्हादबा आणि मथुराबाई ठोकत, लाटत राहिले. शेवटी एक अखंड पत्रा झाला. एवढा मोठा आणि एवढा गुळगुळीत, की पाखरं त्यात पाहून पिसं नीट करायची. म्हादबालाही तो आवडला. पण जुनं घंगाळ गेलं होतं, दुसरा पत्रा नव्हता, आणि ओढ्यात आता गुडघाभर पाणी उरलं होतं. हे तीनही म्हादबाच्या लक्षात होतं आणि त्याला झोप लागत नव्हती.

आता घंगाळ करायचं कसं, ते सांगतो. जमिनीत घंगाळाच्या आकाराचा खड्डा. तो साचा. साच्यावर पत्रा अंथरायचा. पत्र्यावर गोल बुडाचा दगडी ठोकळा ठेवायचा. ठोकळ्यावर मथुराबाई चढायची. ती जशी वजन टाकेल तसा ठोकळा खाली जाणार आणि पत्रा त्याच्याबरोबर खड्ड्यात ओढला जाणार.

"हे सगळं आधी कॉम्प्युटरवर करून पाहू," बळवंतराव म्हणाले. लेखी पाहिजे होतं ना!

त्यासाठी नदीपलीकडून कालिंदी नावाची टिटवी आणली. ती या विद्येत हुशार होती. तिने कारखान्यासमोरच्या खडीत जागा पाहिली आणि तिथेच चार अंडी घातली. टिटव्या अशाच असतात, मुलांनो. उघड्यावर अंडी घालतात आणि कोणी जवळ आलं की ओरडतात. लोकांना वाटतं, टिटवी ओरडली की वाईट होतं. खरं म्हणजे वाईट व्हायला लागलेलं तिला आधी दिसतं.

कालिंदीने आल्या आल्या कॉम्प्युटर उघडला नाही. ती म्हादबाकडे गेली.

"काका, पत्र्याच्या कडेची एक पट्टी कापून द्याल?"

म्हादबाने पट्टी दिली. कालिंदीने ती एका झाडाला बांधली आणि दुसरं टोक मथुराबाईच्या सोंडेत दिलं. थोडं ओढायला सांगितलं, सोडायला सांगितलं. पट्टी होती तेवढी झाली. जरा जास्त ओढायला लावलं. आता पट्टी सोडली तेव्हा किंचित मागे आली, पण पुरती नाही. लांबलेली राहिली. मग आणखी ओढलं. पट्टी तुटली आणि मथुराबाई मागच्या मागे बसली.

"शास्त्रात हे असतं होय?" मथुराबाई अंग झटकत म्हणाली.

कालिंदीने सगळं लिहून घेतलं आणि महाराजांना समजावून सांगायला गेली.

"महाराज, थोडा ताण दिला तर पत्रा पूर्ववत होतो. जास्त दिला तर वाकलेला तो वाकलेलाच राहतो. आपल्याला घंगाळ हवं, म्हणजे तो वाकून राहायला हवा. पण त्याहून जास्त ताणला तर फाटतो."

"म्हणजे प्रजेसारखंच," महाराज म्हणाले. त्यांना विषय लगेच समजला.

मग कालिंदीने कॉम्प्युटरमध्ये खोटा साचा केला, खोटा ठोकळा केला आणि खोटा पत्रा अंथरला. त्या पत्र्याचे तिने दहा हजार चौकोन पाडले. कॉम्प्युटर प्रत्येक चौकोनाला विचारणार, बाबा रे, तुझ्यावर किती ताण आहे? जो निवांत असेल तो निळा. जो सोसतोय तो हिरवा. जो कसाबसा सोसतोय तो पिवळा. आणि ज्याला आता सहन होत नाही तो लाल. याला म्हणतात सिम्युलेशन. भांडं फुकट न घालवता भांडं कसं फुकट जाईल हे त्यात दिसतं.

दोन दिवस कॉम्प्युटर गुरगुरत राहिला. कालिंदी अंड्यांवर बसून पडद्याकडे पाहत होती. तीन हात, चार हात, पाच हात. चित्र हिरवं होतं. सहा हातांवर बुडाच्या कडेला पिवळं आलं. सात हातांवर त्याच जागी लाल ठिपका उमटला आणि पसरला.

कालिंदीने म्हादबाला हाक मारली. पण पडदा त्याच्याकडे फिरवला नाही.

"काका, कुठे फाटेल म्हणता?"

म्हादबाने जमिनीवर काडीने घंगाळ काढलं आणि बुडाजवळ, जिथे तळ संपून भिंत चढायला लागते, तिथे पंजा ठेवला.

कालिंदीने पडदा फिरवला. तिथेच लाल होतं.

म्हादबा पडद्याला नाक लावून पाहू लागला. मग हसायला लागला. त्याला वाटलं होतं, ही पेटी आपल्याला खोटं पाडायला आणली आहे.

"पोरी, तुझ्या पेटीलाही तेच ऐकू आलं की! आता ऐकतील. आता लेखी आहे."

दोघांनी मिळून ठरवलं, सहा हात खोल करायचं. सहा हातांत अख्ख्या जंगलाचं पाणी मावत होतं. कालिंदीने चित्र छापलं आणि बळवंतरावांकडे नेलं.

बळवंतरावांनी चित्र उभं धरलं, आडवं धरलं.

"हे लाल काय आहे?"

"तिथे फाटणार, साहेब."

"महाराजांना लाल आवडत नाही."

"मलाही नाही आवडत. म्हणून तर सांगायला आले."

"बाई, तुम्ही चौकोन किती पाडलेत?"

"दहा हजार."

"जरा काटकसर करा. चार पुरेत."

कालिंदी एकदम ओरडली. ओरडणं हा तिचा स्वभावच. म्हणाली, "चार चौकोनांत काही दिसणार नाही! फाटणाऱ्या कोपऱ्याचा ताण शेजारच्या निवांत पत्र्यात वाटला जाईल आणि सगळं हिरवं येईल."

"मग अडचण काय आहे?" बळवंतरावांनी मनापासून विचारलं.

ती उठून निघाली. ती दारापर्यंत गेली तेव्हा ते मागून अगदी मायेने म्हणाले, "तुमची अंडी खडीतच असतात ना? उद्या आमचा सगळा कळप तिकडून जाणार आहे. पाहणी आहे. ते खाली पाहून चालत नाहीत. मी त्यांना दुसऱ्या वाटेने नेऊ शकतो म्हणा. तुम्ही चित्र किती वाजता देताय?"

कालिंदी खडीत परत आली. अंड्यांभोवती दोन फेऱ्या मारल्या. अंडी उचलून नेता येत नाहीत. पळवता येत नाहीत. तिने कॉम्प्युटर लावला आणि चार चौकोनांचं सिम्युलेशन केलं. त्याला दोन दिवस लागले नाहीत. बसल्या बसल्या झालं. चित्र पानासारखं हिरवंगार आलं.

तरी तिने चित्राखाली बारीक अक्षरांत लिहिलं, "चार चौकोनांवरून काहीही कळत नाही." तेवढ्याने तिला थोडं बरं वाटलं.

बळवंतरावांनी चित्राला चौकट करून घेतली. चौकट जाड होती. बारीक अक्षरं चौकटीखाली गेली.

चित्र दरबारात लागलं. म्हादबा ते पाहायला गेला आणि परत येताना खडीपाशी थांबला.

"ते हिरवं कोणी केलं, पोरी?"

"मी."

"पत्र्याला विचारलंस?"

"नाही. साहेबांना विचारलं."

म्हादबाने अंड्यांकडे पाहिलं. खडीवरून, अंड्यांपासून हातभर लांबून गेलेले गव्यांच्या खुरांचे ताजे ठसे पाहिले. मग तो कारखान्याकडे निघून गेला. रागावला असता तर कालिंदीला सोपं गेलं असतं.

घंगाळाचा दिवस उजाडला. सगळं जंगल जमलं. महाराज उंच दगडावर बसले. शेजारी चौकट ठेवली होती. मथुराबाईच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि ती ठोकळ्यावर चढली.

पत्रा वाकू लागला. काय सुंदर वाकत होता! साच्यात उतरताना त्याच्यावर आकाश फिरत होतं. म्हादबा काठावर आडवा झाला होता, कान पत्र्याला लावून. चार हात. पाच हात. सहा हात.

पत्रा गुणगुणायला लागला.

"थांबा!" म्हादबा ओरडला. "मथुराबाई, उतर! झालं एवढं. याच्या पुढे नाही."

मथुराबाई थांबली. सगळे थांबले. सहा हात खोल, अखंड, एकही जोड नसलेलं घंगाळ समोर होतं. मुलांनो, इथेच गोष्ट संपवता आली असती.

बळवंतरावांनी चौकट उंच धरली. "चित्र हिरवं आहे! तांबटाच्या कानावर काम चालणार की चित्रावर?"

मथुराबाईने कालिंदीकडे पाहिलं. सगळ्यांनीच कालिंदीकडे पाहिलं.

कालिंदीने चोच उघडली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या घशातून आवाज आला नाही.

"पुढे," महाराज म्हणाले.

मथुराबाईने डोळे मिटले आणि वजन टाकलं. साडेसहा हात. सात हात. आणि मग असा आवाज झाला, की झाडांवरचे सगळे पक्षी एकदम उडाले.

बुडाजवळ, तळ संपून भिंत चढते तिथे, पत्रा हातभर फाटला होता.

चौकशी झाली. बळवंतरावांनी केली. निष्कर्ष असा निघाला की सिम्युलेशन बरोबर होतं. मंजूर चित्रात फाटल्याची नोंद नाही. म्हणजे पत्रा मंजुरीविना फाटला. दोष पत्र्याचा. शिवाय म्हादबा मध्येच ओरडला, त्याने पत्र्याचा धीर सुटला असावा.

पण पाण्याचं काय? ओढ्यात आता घोट्याइतकं पाणी होतं. तीन आठवड्यांत तेही जाणार होतं. हरणं कारखान्यासमोर येऊन नुसती उभी राहायची. फाटलेलं घंगाळ मथुराबाईने खड्ड्यातून ओढून तिथे ठेवलं होतं. एक म्हातारं हरीण रोज फाटीत डोकं घालून पलीकडे पाहायचं आणि परत जायचं.

महाराजांनी कालिंदीला बोलावलं.

"तुमचं ते पट्टीचं आम्हाला फार आवडलं," ते म्हणाले. "तसंच हरणांचं करा. किती दिवस पाणी दिलं नाही तर ती पूर्ववत होतात, आणि किती दिवसांनी होत नाहीत. म्हणजे आम्हाला नियोजन करता येईल."

"चौकोन चार ठेवा," बळवंतराव म्हणाले.

 कालिंदीला वाटलं, आपण एकदा किंचित वाकलो, ते परत सरळ होण्यापुरतंच वाकलो असं धरून चाललो होतो.

"नाही करणार," ती म्हणाली.

"बाई, तुमची अंडी..."

"काल फुटली, साहेब. पिल्लं आहेत. टिटवीचं पिल्लू पहिल्याच दिवशी पळतं. तुमचा कळप आता खुशाल पाहणीला आणा."

आणि मग ती ओरडली. दरबारात, भर सभेत, असं ओरडली की महाराजांच्या मिशा हलल्या. कोणीतरी म्हणालं, अपशकुन झाला. ती म्हणाली, तो मागच्याच आठवड्यात झाला, मी गप्प बसले तेव्हा.

तिथून ती थेट कारखान्यात गेली. म्हादबा फाटलेल्या घंगाळाजवळ पाय पसरून बसला होता.

"काका, चुकले मी."

"ते राहू दे. फाट अजून वाढेल का, ते सांग. तुझं ते लाल चित्र आहे ना? खरंखुरं?"

कालिंदीने दहा हजार चौकोनांचं चित्र काढलं. त्यात दिसत होतं, पत्रा कुठपर्यंत पातळ झालाय आणि कुठून पुन्हा दमदार आहे. फाट जिथे थांबली होती त्या दोन टोकांना म्हादबाने बारीक गोल भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळणार नाही.

"भोकाने फाट थांबते हे तुम्हाला कोणी सांगितलं?" कालिंदीने विचारलं.

"वडिलांनी. पण ठिगळ केवढं लावावं ते आम्ही अंदाजाने करायचो. आज तू सांग."

तिने चोचीने पत्र्यावर एक वर्तुळ आखलं. लालच्या बाहेर, पिवळ्याच्याही बाहेर, हिरव्यात. म्हादबाने कडेच्या उरलेल्या पत्र्याची तेवढी गोल चकती कापली, तापवून मऊ केली, आणि सभोवार रिबिटा मारून बसवली. मथुराबाई आतून रेटून धरत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी घंगाळात पहिलं पाणी ओतलं आणि तिघंही खाली वाकून ठिगळाकडे पाहत राहिली.

एक थेंबही आला नाही.

आठ दिवसांत मथुराबाईने ओढ्याचं सगळं पाणी घंगाळात आणलं. उन्हाळा आला. मथुराबाईने सोंडेने काढून दिलेलं पाणी हरणं प्यायली. म्हातारं हरीणही प्यायलं. बेडकांची मात्र गैरसोय झाली.

बळवंतरावांनी घंगाळावर पाटी लावली: "बिनजोड घंगाळ. खोली नऊ हात." मथुराबाईने एकदा सोंड बुडवून खोली मोजली होती. ती सात हात होती. पण तिला कोणी विचारलं नाही.

वैशाखात शेजारच्या जंगलाचा राजा पाहुणा आला. तो बिबट्या होता. घंगाळाभोवती फिरता फिरता तो ठिगळापाशी थांबला. म्हादबाने ते घासून पुसून असं चकचकीत ठेवलं होतं, की सूर्य त्यातच राहायला आल्यासारखा वाटायचा.

"हे काय आहे?" बिबट्याने विचारलं.

महाराजांनी बळवंतरावांकडे पाहिलं. बळवंतराव पुढे होऊन म्हणाले, "पदक आहे, सरकार. खास बिनजोड घंगाळालाच देतात."

"आमच्या घंगाळाला नाही हे," बिबट्या हळूच म्हणाला आणि जेवताना दोनदा उठून पदक पाहून आला.

पंधरा दिवसांनी म्हादबाला त्याच्या दरबाराचं पत्र आलं. म्हादबाने ते कालिंदीकडून वाचून घेतलं. पत्रात होतं, "आमचं घंगाळ उत्तम आहे, परंतु त्यास भोक नाही, ही मोठी उणीव आहे. तरी आपण येऊन एक भोक पाडून त्यावर पदक बसवून द्यावे."

म्हादबाने तिला ते दोनदा वाचायला लावलं.

"जायचं का गं?"

"नाही गेलो तर दुसरं कोणीतरी जाईल आणि बुडाला भोक पाडेल," कालिंदी म्हणाली. तिची चारही पिल्लं तोपर्यंत उडायला लागली होती. "थांबा, काका. मी आधी पाहते."

तिने बिबट्याच्या घंगाळाचं माप मागवलं. दहा हजार चौकोन पाडले. दोन दिवस कॉम्प्युटर चालवला आणि भोक कुठे पाडलं तर घंगाळाचं काहीही बिघडणार नाही, ती जागा शोधून काढली. अगदी वरच्या काठाला, जिथवर पाणी कधी चढतच नाही.

चित्र हिरवं आलं. या खेपेला ते खरोखरच हिरवं होतं.

दोघं जाऊन भोक पाडून आली, त्यावर पदक बसवून आली. बिबट्या फार खूश झाला. तिथली हरणं आजही पोटभर पाणी पितात आणि पदक कशासाठी आहे असं विचारत नाहीत.

तात्पर्य : पत्रा किती ताण सोसेल ते तांबट सांगतो आणि कॉम्प्युटरही सांगतो. म्हणून शहाण्या राजाने आधी रंग ठरवावा आणि मग दोघांना विचारावं. एवढी काळजी घेऊनही फाटलंच, तर ठिगळ लहान आणि लाजरं लावू नये. मोठं, गोल आणि चकचकीत लावावं. लोक ठिगळाला हसतात. पदकाला सलाम करतात.